कुत्र्याची न थांबणारी खाज: खर्च कोणत्या क्रमाने करावा

कुत्रा रात्रभर कान फडफडवतो, पंजे चाटून चाटून तांबूस करतो, भिंतीला पाठ घासतो. डॉक्टरांकडे नेलं की एक इंजेक्शन मिळतं, तीन-चार आठवडे घर शांत होतं आणि मग पुन्हा तेच सुरू. वर्षात असे आठ-दहा फेरे झाले आणि प्रत्येक फेऱ्याला हजार-बाराशे गेले, तर आठ ते बारा हजार खर्चूनही निदानाच्या नावाने पाटी कोरीच राहते. खाजेवरचा खर्च वाढतो तो औषधं महाग आहेत म्हणून कमी आणि तपासाच्या पायऱ्या गाळल्या म्हणून जास्त.

खाज हा रोग नाही, लक्षण आहे. त्यामागे बहुतेक वेळा चारांपैकी एक कारण असतं: पिसवा-खरजेसारखे परजीवी, जिवाणू किंवा यीस्टचा संसर्ग, अन्नाची ॲलर्जी, आणि धूळ-परागकण-बुरशी यांची ॲलर्जी, म्हणजे ॲटोपी. अनेक कुत्र्यांत दोन-तीन कारणं एकत्रही नांदतात. पहिली दोन कारणं शोधायला स्वस्त आहेत, पुढची दोन महाग. म्हणून तपास याच क्रमाने व्हायला हवा.

पुढचे आकडे पुण्या-मुंबईतल्या खासगी दवाखान्यांचे ढोबळ अंदाज आहेत. १५ किलो वजनाचा कुत्रा, म्हणजे एखादा बीगल किंवा मध्यम चणीचा देशी, धरून हिशेब केला आहे. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर गोळ्या आणि आहाराचा खर्च दीडपट-दुप्पट धरा. लहान गावांत डॉक्टरांची फी कमी असते, औषधांच्या किमती मात्र जवळपास त्याच.

सुरुवात घरातून, फुकट

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-चार दिवस नीट निरीक्षण करा आणि फोनवर फोटो काढून ठेवा. खाज कुठे आहे यावरून बरंच कळतं.

• कमरेवर, शेपटीच्या बुडाशी, मांड्यांच्या मागे: आधी पिसवांचा संशय घ्या.
• कानांच्या कडा, कोपर, घोटे: खरूज असू शकते.
• पंजे, बगला, पोट, तोंडाभोवती, कानाच्या आत: अन्नाची ॲलर्जी किंवा ॲटोपी.
• अंगाला आंबूस वास, कातडी तेलकट, जाड आणि काळवंडलेली: यीस्टचा संसर्ग.

पिसवा ओळखायची साधी युक्ती आहे. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभं करा आणि उवांच्या बारीक फणीने शेपटीच्या बुडाशी विंचरा. मिरपुडीसारखे काळे कण कागदावर पडले तर त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाका. कण मळकटच राहिले तर ती माती. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

खरजेसाठी कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. चोळता चोळता मागचा पाय खाजवायला उठला, तर संशय बळावतो. घरातल्या कुणाच्या हातावर किंवा पोटावर खाजणाऱ्या लाल पुळ्या आल्या असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. ही खरूज काही काळ माणसांनाही त्रास देते.

खाज कोणत्या वयात सुरू झाली हेही लिहून न्या. ॲटोपी बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा खाज सुटली असेल, तर थायरॉइडसारखे दुसरे आजारही तपासावे लागतात.

पहिली पायरी: परजीवी (३ ते ६ हजार रुपये)

डॉक्टरांची फी ५०० ते १,००० रुपये. कातडी खरवडून आणि चिकटपट्टीने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, दोन्ही मिळून ५०० ते १,०००. या दोन तपासण्या पहिल्याच भेटीत आवर्जून मागा. खाजेच्या तपासात यांच्याइतका पैशाचा मोबदला दुसरं काही देत नाही.

‘आमच्याकडे एकही पिसू नाही’ हे वाक्य प्रत्येक डॉक्टर ऐकतो. पण पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात, आणि चाटण्याच्या नादात तो त्या पिसवा गिळूनही टाकतो. शिवाय अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा एकूण पिढीचा अगदी थोडा भाग असतात. अंडी, अळ्या आणि कोष गादीत, पायपुसण्यात, सोफ्याच्या फटीत असतात. म्हणून एका महिन्याच्या औषधाने काम होत नाही. सलग तीन महिने, घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला औषध द्यावं लागतं. अंथरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची, ती वेगळी.

सॅरोलानर किंवा ॲफॉक्सोलानरची महिन्याला एक गोळी ७०० ते १,३०० रुपयांना पडते. फ्लुरालानरची एक गोळी बारा आठवडे चालते. ही औषधं पिसवा-गोचिडांबरोबर खरजेच्या किड्यांवरही काम करतात. खरवडीत खरजेचा किडा सापडला नाही तरी खरूज नाही असं म्हणता येत नाही, त्यामुळे संशय असेल तर डॉक्टर हेच उपचार करून पाहतात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळी देण्याआधी सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटातल्या औषधांबाबत तसा इशारा दिला आहे.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्त म्हणून कुणाकडूनही टोचून घेऊ नका. कॉली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत ते जिवावर बेतू शकतं. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला विषारी आहे, हेही विसरू नका.

दुसरी पायरी: संसर्ग (२ ते ४ हजार रुपये)

खाजवून कातडी फुटली की जिवाणू आणि यीस्ट वाढतात आणि त्यांच्यामुळे खाज आणखी वाढते. आपल्याकडे जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत हा प्रकार सर्वाधिक छळतो. मूळ कारण ॲलर्जी असली, तरी संसर्ग आवरल्याशिवाय ॲलर्जीचं कुठलंच औषध नीट लागू पडत नाही.

क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोल किंवा किटोकोनॅझोल असलेल्या शाम्पूची बाटली ५०० ते ९०० रुपये, कान धुण्याचं द्रावण ४०० ते ७०० रुपये. शाम्पू आठवड्यातून दोनदा. फेस अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटं राहायला हवा. लगेच धुतला तर पैसे पाण्यात गेले. नंतर पंज्यांच्या बोटांमध्ये, बगलेत आणि कातडीच्या घड्यांत पूर्ण कोरडं करा. संसर्ग वरवरचा असेल तर एवढ्यानेही भागतं, म्हणून प्रतिजैविक खरंच लागणार आहे का, ते विचारा. लागलंच तर साधारण तीन आठवड्यांचे ६०० ते १,५०० रुपये होतात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून ते मध्येच सोडू नका. पुढच्या वेळी तेच औषध निकामी ठरलं, तर कल्चर चाचणी आणि महागडं प्रतिजैविक असा दुहेरी भुर्दंड पडतो.

तिसरी पायरी: आहाराची परीक्षा (४ ते १७ हजार रुपये)

वरच्या दोन पायऱ्या झाल्यावरही बारमाही खाज उरली, तर आठ आठवडे आहार बदलून पाहायचा. अन्नाच्या ॲलर्जीचं खात्रीचं निदान फक्त याच मार्गाने होतं. कुत्र्यांत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू हे सर्वाधिक आढळणारे ॲलर्जीकारक आहेत. मराठी घरातल्या कुत्र्याच्या ताटलीत चिकन-भात, दूध-पोळी, ताक आणि ग्लुकोज बिस्किटं असतात, म्हणजे यादीतले तीन पदार्थ रोज पोटात जातात.

दोन मार्ग आहेत. पहिला, तयार हायड्रोलाइज्ड आहार. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्यांना ओळखत नाही. किलोला साधारण १,००० ते १,४०० रुपये. आठ आठवड्यांत बारा किलो लागतं, म्हणजे १२ ते १७ हजार. शाकाहारी घरांना हाच मार्ग सोयीचा.

दुसरा, घरी शिजवलेलं अन्न. कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट पदार्थ: काटे काढलेला मासा आणि रताळं, किंवा मासा आणि भात. याचा खर्च ४ ते ६ हजार. कोकण-गोव्यातल्या कुत्र्याला मासा नवा नसतो. तिथे डुकराचं किंवा बदकाचं मांस निवडता येईल. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण अजिबात नको. ते कुत्र्यांना विषारी आहेत. हे अन्न परीक्षेपुरतंच ठेवा. पुढे चालू ठेवायचं तर कॅल्शियम आणि इतर पूरकं डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ही परीक्षा बहुतेक वेळा आहाराच्या दोषापेक्षा घरच्या प्रेमामुळे फसते. आजी हळूच पोळीचा तुकडा देतात, सोसायटीचा वॉचमन बिस्किट देतो, जंताची गोळी चिकनच्या चवीची निघते. आठ आठवडे घरातल्या प्रत्येकाने, कामाला येणाऱ्या मावशींनीही, नियम पाळायला हवा. खाज थांबली तर जुना आहार पुन्हा देऊन पाहायचा. खाज दोन आठवड्यांच्या आत परतली की निदान पक्कं.

चौथी पायरी: ॲटोपी, म्हणजे महिन्याचा खर्च

तिन्ही पायऱ्या पार करूनही खाज राहिली, तर ॲटोपी धरून चालावं लागतं. ती मुळापासून बरी होत नाही, पण आटोक्यात राहते. मधुमेहासारखा हा कायमचा खर्च आहे, म्हणून आधीच अंदाजपत्रक बांधा.

• प्रेडनिसोलोन: महिन्याला शे-दोनशे रुपये. काम चोख, पण दीर्घकाळ दिलं तर तहान, लघवी, भूक आणि वजन वाढतं, संसर्ग होतात, अंतःस्रावी ग्रंथींवर परिणाम होतो. थोड्या दिवसांसाठी किंवा एका दिवसाआड कमीत कमी मात्रेत. अचानक बंद करू नका.
• ऑक्लासिटिनिब: महिन्याला ३ ते ५ हजार. खाज दिवसभरातच कमी होऊ लागते. एक वर्षाखालील कुत्र्यांना देत नाहीत.
• माशाच्या तेलातलं ओमेगा-३: महिन्याला ३०० ते ६०० रुपये. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, पण इतर औषधांची मात्रा कमी करता येते.
• ॲलर्जीची लस: चाचणी आणि पहिल्या वर्षाची लस मिळून खर्च तीस हजारांपर्यंत जाऊ शकतो. निम्म्याहून अधिक कुत्र्यांना फायदा होतो, पण वर्षभर धीर धरावा लागतो. तरुण कुत्रा असेल आणि दर महिन्याची गोळी झेपत नसेल, तर ही लस विचारात घ्यावी.

फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसणं फुकट आहे, आणि त्याने खरंच फरक पडतो.

कुठे पैसे घालू नयेत

रक्त, लाळ किंवा केसांवरून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. लाळ-केसांच्या अशा एका चाचणीला संशोधकांनी खेळण्याच्या कृत्रिम केसांचा नमुना पाठवला, तर त्यालाही ॲलर्जीचा अहवाल आला. हवेतल्या घटकांची रक्तचाचणी उपयोगाची आहे, पण ती लस ठरवण्यासाठी, निदानासाठी नव्हे. जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल, डेटॉल, टी ट्री ऑइल यांपैकी काहीही अंगाला लावू नका. कातडी भाजते आणि चाटल्यावर विषबाधा होते. माणसांसाठीची स्टिरॉइडयुक्त मलमंही तशीच पोटात जातात.

पाळीव प्राण्यांच्या विम्यावरही इथे फार भिस्त ठेवू नका. पॉलिसीआधी सुरू झालेला त्वचारोग सहसा वगळलेला असतो, आणि बाह्यरुग्ण उपचारांना अनेक पॉलिसींत वेगळं कलम लागतं. सही करण्याआधी ते वाचा.

कमी खर्चात चांगला तपास

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून प्राण्यांवर उपचार करतंय. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत केसपेपर आणि सूक्ष्मदर्शकाची तपासणी खासगीपेक्षा बरीच स्वस्त होते. रांग असते, पण शिकवणारे प्राध्यापक कुत्रा पाहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचं सर्वचिकित्सालयही आहे.

कुठेही गेलात तरी तीन प्रश्न विचारा. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं? दिलेल्या इंजेक्शनचं नाव काय, ते स्टिरॉइड आहे का? पुढची पायरी कोणती आणि कधी? उत्तरं, औषधांची नावं आणि बिल एका वहीत ठेवा. डॉक्टर बदलले तरी तपास पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही.

एकूण हिशेब असा: घरचं अन्न दिलंत तर पहिल्या तीन पायऱ्या ९ ते १६ हजारांत, तयार आहार घेतलात तर १७ ते २७ हजारांत होतात, आणि त्याला चार-पाच महिने लागतात. घरच्या अन्नाचा मार्ग निवडला, तर इंजेक्शनच्या वर्षभराच्या फेऱ्यांना जेवढे जातात, साधारण तेवढ्याच पैशांत निदान हाती येतं. खाज सुटलेला प्राणी झोपत नाही, चिडतो, अंग फोडून घेतो, आणि हे सांगायला त्याला तोंड नाही. पुढच्या भेटीत नुसतं इंजेक्शन घेऊन परतू नका. कातडीची खरवड आणि चिकटपट्टीची तपासणी आधी करून घ्या.