खडक शोधण्याची विद्या



बिनतारी संदेशांनीं चालणारी एक लहान गाडी आतां पुष्कळ मुलांच्या ओळखीची झाली आहे. तिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. इतर खेळगाड्यांचें कौतुक त्यांच्या वेगावरून होतें. हिचें कौतुक हिच्या धीमेपणावरून होतें. चारी चाकांना गति देणारें यंत्र, मऊ रबराचे टायर आणि मुंगीची चिकाटी, एवढ्या भांडवलावर ती खडक चढते. स्पर्धेंत खडकावर ठिकठिकाणीं खुणांच्या जोड्या मांडून दरवाजे करितात व गाडी त्यांमधून न्यावयाची असते. खुणेस धक्का लागला, गाडी मागें घ्यावी लागली, किंवा उलटल्यामुळें हातानें सरळ करावी लागली, कीं दंडाचे गुण पडतात. ज्याचा दंड सर्वांत थोडा तो विजयी.

हा खेळ अमेरिकेंत विशेष वाढला. तेथील चित्रें पाहून आपल्या मुलांस वाटतें कीं, असे खडक आपल्याकडे कोठले? गाडी मिळते, पण जागा मिळत नाहीं, अशी त्यांची तक्रार असते. ही तक्रार खरी आहे, कीं तो आपल्या नजरेचा दोष आहे, याचा आज विचार करूं.

पहिला धडा प्रमाणाचा. ह्या गाड्या बहुधा खऱ्या गाडीच्या एकदशांश असतात. पुढील व मागील चाकांमधील अंतर सुमारें ३० सें.मी., म्हणजे तुमच्या दप्तरांतील फूटपट्टीएवढें. म्हणून ३० सें.मी. उंचीचा धोंडा हा तिला ३ मीटरांचा कडा होय, आणि आपल्या कमरेएवढा खडक म्हणजे तीनमजली घराएवढा सुळका! तेव्हां डोंगर शोधूं नका. गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंचीचे, एकमेकांस टेकलेले खडक शोधा. कोरड्या ओढ्याचें पात्र किंवा टेकडीच्या पायथ्याशीं घरंगळून आलेले धोंडे पुरेसे आहेत. लहानपणाचा आणखीहि एक लाभ आहे. गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आकार आणि बळ यांचा संबंध उलगडून दाखविला. लांबी दहापट कमी केली कीं वजन हजारपट कमी होतें. पण बळ जाडीवर अवलंबून असल्यामुळें तें शंभरपटच कमी होतें. म्हणूनच ज्या पडण्यानें खऱ्या गाडीचा चुराडा होईल, तशा पडण्यांतून ही गाडी उठून पुन्हां चालूं लागते.

दुसरा धडा दगडाच्या जातीचा. अमेरिकेंतील युटा राज्यांत मोआब नांवाचें गांव आहे. तेथील वालुकाश्म सुमारें १९ कोटी वर्षांपूर्वींच्या वाळूच्या टेकड्यांपासून झाला. त्यास लोक ‘स्लिकरॉक’, म्हणजे निसरडा खडक, म्हणतात. परंतु रबरी चाकांच्या गाड्या त्याच्या पाठीवरून निर्धास्त चढतात. मग तो निसरडा कसा? हें नांव पडलें तेव्हां प्रवास घोड्यावरून होत असे, आणि घोड्याचा लोखंडी नाल त्या दगडावरून घसरत असे. दगड तोच राहिला. नालाच्या जागीं रबर आलें, तेव्हां निसरडा होता तो पकडीचा झाला. यावरून हें शिकावें कीं, दगडाची परीक्षा नांवावरून करूं नये. चाक टेकवून करावी.

आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्यापासून झाला. त्याचा खरखरीत पृष्ठभाग चाकास चांगला धरतो; परंतु ओढ्याच्या पाण्यानें गुळगुळीत झालेला गोटा धरीत नाहीं, आणि पावसाळ्यांत शेवाळ चढलें कीं तोच खडक साबणासारखा होतो. कांहीं ठिकाणीं त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. असा पापुद्रा चाकाखालीं निखळतो. कोंकणांतील जांभा सच्छिद्र असल्यामुळें पकडीस बरा. मात्र त्याच्या ठिसूळ कडांवर भरंवसा ठेवूं नये.

तिसरा धडा मापनाचा. कंपासपेटींतील कोनमापक घ्या. त्याच्या मध्यबिंदूस दोरा लावून दोऱ्याच्या टोंकास खडा बांधा. लांब पट्टी खडकावर अशी ठेवा कीं, तिचें एक टोंक खडकाबाहेर येईल. त्या टोंकास कोनमापकाची सरळ कड लावून गोल बाजू खालीं धरा. सपाटीवर दोरा ९० वर लोंबतो; उतारावर तो ९० पासून जितके अंश सरकेल, तितका तो उतार. आतां समजा, गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांमधील रुंदी २० सें.मी. आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १० सें.मी. उंच आहे. अशी गाडी उतारावर आडवी चालतांना ४५ अंशांवर उलटण्याच्या बेतास येते. कारण गुरुत्वमध्यांतून निघणारी लंबरेषा तेव्हां खालच्या चाकावर येऊन पडते. तोच मध्य ८ सें.मी. उंचीवर आणिला, तर ती सुमारें ५१ अंशांपर्यंत टिकते. स्पर्धेच्या जागेंत सौम्य आणि अवघड असे दोन्ही उतार असावेत, म्हणजे नवशिक्यास पहिला दरवाजा साधेल आणि जाणत्यास शेवटचा दमवील.

चौथा धडा सावधगिरीचा. तो पालकांनींहि वाचावा. प्रत्येक धोंडा काठीनें ढकलून तो डळमळतो कीं काय हें मोठ्या माणसानें आधीं पाहावें. दगडाखालीं हात घालूं नये, कारण फुरसें आणि विंचू तेथेंच आसरा घेतात. सोडून दिलेल्या खाणींतील खडक फार मोहक दिसतात. पण तेथील कडा सुटलेल्या असतात व सांचलेलें पाणी खोल असतें. धरणाखालच्या नदीपात्रांत पाणी अचानक वाढतें. ह्या दोन जागा सर्वस्वीं वर्ज्य समजाव्या. गाडी पाण्यांत पडली तर ती जाऊं द्यावी. तिच्यामागें मुलानें उतरूं नये. ही गोष्ट घरून निघण्यापूर्वींच मुलास बजावून ठेवावी, कारण त्या क्षणीं त्यास गाडीखेरीज दुसरें कांहीं दिसत नसतें.

शेवटचा धडा सर्वांत महत्त्वाचा. जागा सांपडली म्हणजे ती आपली झाली असें नाहीं. मोआबच्या परिसरांत वाळूवर एक काळसर पापुद्रा दिसतो. तो मळ नव्हे. सूक्ष्म जीवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांनीं मिळून विणलेलें तें सजीव आवरण आहे, आणि तेंच वाळूस वाऱ्यापासून धरून ठेवितें. एका पावलानें तें मोडतें, आणि भरून येण्यास अनेक दशकें लागतात. म्हणून तेथें येणाऱ्यांस पाऊल खडकावर किंवा ठरलेल्या वाटेवरच ठेवावयास शिकवितात. आपल्याकडेहि खडक उघडा दिसला तरी रिकामा नसतो. आई मसाल्यांत जें दगडफूल घालते, त्याच प्रकारचीं दगडफुलें खडकांवर इंचाइंचानें नव्हे, तर केसाकेसानें वाढतात. कोंकणांतील जांभ्याच्या सड्यांवर प्राचीन माणसांनीं कोरलेलीं कातळशिल्पें आहेत. २०२२ सालीं त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. तेथें चाक फिरविणें म्हणजे पूर्वजांची पाटी पुसणें होय. किल्ल्यांचे तट, लेणीं आणि देवस्थानचे दगड यांनाहि हाच न्याय. शेताच्या बांधावरील खडक असला तर शेतकऱ्यास विचारावें. वनखात्याची जमीन असली तर परवानगी घ्यावी. खुणा रंगानें काढूं नयेत. सुट्या काठ्या व दोरी वापरावी, आणि परततांना त्या गोळा करून आणाव्या.

येत्या सुट्टींत वडिलांस किंवा मामास बरोबर घेऊन गांवाभोंवतीं एक फेरी करा, आणि वहींत तीन जागांचा नकाशा, उतार व मालकाचें नांव लिहून आणा. त्यांतील चांगली जागा कोणती, हें ओळखण्याची खूण सोपी आहे. खेळ संपल्यावर दुसऱ्या दिवशीं तेथें गेलेल्या माणसास काल येथें कोणी खेळून गेलें हें कळूं नये. अशी राखलेली जागाच पुढील वर्षीं तुमची वाट पाहील.