आरोग्य संशोधन आणि आपली संमती

आरोग्य संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, उंदीर आणि पांढरे कोट डोळ्यांसमोर येतात. परंतु एखादी तपासणी वा औषध उपयोगी आहे की नाही, हे शेवटी माणसांवरच ठरते. आणि ती माणसे बहुधा गोरगरीब वस्तीतली असतात. म्हणून आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना या विषयाची ओळख असावी, असे आम्हांस वाटते.

१९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बनगाव येथे कॉलऱ्याने मरत होते. शिरेतून द्यावयाचे सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते ४ टक्क्यांच्या आत आले. तेथे तुलनेसाठी कोणालाही त्या पाण्यावाचून ठेवले नव्हते.

मुंबईचे उदाहरण याहून अवघड आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. खर्च अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने उचलला. वस्त्यांचे दोन भाग पाडले. एका भागात, दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी सौम्य व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी करीत. दुसऱ्या भागातील भगिनींना कर्करोगाची माहिती दिली, तपासणी नाही. बारा वर्षांनी पहिल्या भागात या कर्करोगाचे ६७ मृत्यू झाले होते, दुसऱ्यात ९८. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

निष्कर्ष मोलाचा होता, यात शंका नाही. २०१६ साली केंद्र सरकारने देशासाठी जी तपासणी योजना आखली, तीत हीच पद्धत आहे. पण त्या ९८ जणींचे काय? संशोधकांचे म्हणणे असे की, त्या काळी सरकारी तपासणी कोठेच नव्हती, तेव्हा आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही. टीकाकारांनी विचारले, तपासणीने जीव वाचतात हे अन्य देशांच्या अनुभवावरून ठाऊक असता हजारो स्त्रिया तपासणीवाचून का ठेवल्या? आणि हे त्यांना नीट सांगितले होते काय? आम्हांस दुसरा प्रश्न अधिक जड वाटतो. बँकेत अंगठा घेताना आम्ही साक्षीदार बसवतो आणि कागद वाचून दाखवतो. दोन हजारांच्या कर्जालासुद्धा!

औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत हीच तजवीज आहे. निरक्षर व्यक्तीची संमती निःपक्ष साक्षीदारासमोर घ्यावी लागते. सहभागी व्यक्तीस केव्हाही बाहेर पडता येते, त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. नवीन रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकांची संमती घेताना दृक्‌श्राव्य चित्रणही करावे लागते.

आता संगणकाने काम सोपे झाले, असे काही जण म्हणतात. २०२० साली टाटा मूलभूत संशोधन संस्था व बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने संगणकात कृत्रिम मुंबई उभी केली, लोकल गाड्यांसह, आणि साथ कशी पसरेल ते पाहिले. तेथे कोणी मरत नाही. परंतु अशा गणिताला खऱ्या शहराची माहिती लागते. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. ८,८७० नमुने घ्यावयाचे ठरले होते, मिळाले ६,९३६. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली, इतरत्र १६ टक्के. तो ५७ चा आकडा कळला, कारण वस्तीतल्या माणसांनी दार उघडून हात पुढे केला होता.