लॉटरीचे तिकीट घेणे पाप आहे काय?



गोव्यात 1992 साली कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली, पुढे बोटींवर कॅसिनो. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, पण अमलात आणला नाही; 2023 साली मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरविले. लॉटरी मात्र मटक्याला आळा म्हणून 12 एप्रिल 1969 रोजी सरकारनेच सुरू केली.

ख्रिस्तसभा अशा खेळांना मुळात अन्याय मानत नाही (धर्मशिक्षण ग्रंथ, 2413). मथियाची निवडही चिठ्ठ्या टाकूनच झाली (प्रे. कृ. 1:26), पण तिथे कोणाच्या ताटातले काही गेले नव्हते. शिरूरच्या कामगाराचा पगार किंवा दौंडच्या ऊसतोडणीवाल्याची उचल तिकिटांत गेली, तर ते अनीतीचेच. (सणाला आपणही हाऊजी खेळतो, तेव्हा तिकीट स्वस्त ठेवणे हे आमचेही काम!)

‘लोक खेळणारच, मग पैसा सरकारी तिजोरीत का नको?’ हे आम्हाला पटत नाही. कॅसिनोवालेही हेच सांगतात. एकाने गंमत म्हणून तिकीट घेणे वेगळे. सरकारने हातावर पोट असलेल्यांच्या आशेवर महसूल उभा करणे वेगळे.

कोणाच्या घरी हे व्यसन शिरले असेल, तर मिस्सानंतर आम्हाला भेटावे. बोलणे बाहेर जाणार नाही.