वसईचा इतिहास आणि परभाषांचे अध्ययन

इतिहासाची आवड असलेली माणसे आपल्याकडे गावोगावी आढळतात. राजघराण्यांच्या वंशावळी, तह, लढाया आणि किल्ले यांविषयी त्यांना जिव्हाळा असतो. तथापि, ही आवड अभ्यासाच्या पातळीवर न्यावयाची झाल्यास एक अडचण उभी राहते. महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने केवळ मराठीत नाहीत. ती फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी, फ्रेंच व डच भाषांतही विखुरलेली आहेत. ज्याला त्यांतील एकही भाषा येत नाही, त्याला दुसऱ्याने निवडलेले व दुसऱ्याने भाषांतरित केलेले तेवढेच वाचावे लागते. ही गोष्ट पालघर जिल्ह्यातील वसईच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते.

एक गाव, अनेक दरबार

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, येथे पोर्तुगालच्या राजाच्या नावाने कारभार चालला. त्यानंतर किल्ल्यावर मराठ्यांचे निशाण लागले. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह वसईच्याच नावाने ओळखला जातो.

याचा अर्थ असा की, वसईच्या इतिहासाचा एक धागा अहमदाबादच्या सुलतानांच्या फारसी तवारिखांत, दुसरा लिस्बन व गोवा येथील पोर्तुगीज दप्तरांत, तिसरा पुण्याच्या मोडी कागदांत आणि चौथा मुंबईकर इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आहे. या चार दरबारांच्या भाषा वेगळ्या, लेखनपद्धती वेगळ्या, इतकेच नव्हे तर कालगणनाही वेगळ्या होत्या.

तारखांचा घोळ आणि त्याचा उलगडा

चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईच्या पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली ती तारीख काही पुस्तकांत ५ मे १७३९, तर काहींत १६ मे १७३९ अशी दिली जाते. विद्यार्थी गोंधळतो व यातील एक तारीख चुकीची असावी असे समजतो. वस्तुतः दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. पोर्तुगालने १५८२ मध्येच सुधारित ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते. इंग्लंडने ते १७५२ मध्ये स्वीकारले. त्यामुळे १७३९ साली मुंबईच्या इंग्रजांची तारीख वसईच्या पोर्तुगीजांच्या तारखेपेक्षा अकरा दिवसांनी मागे होती.

मराठी कागदांत हेच वर्ष आणखी निराळ्या रीतीने येते. शालिवाहन शके १६६१ हा त्याचा एक प्रकार. दुसरा प्रकार शुहूर सनाचा असून तो अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत. शरणागतीच्या दिवशी चालू असलेले शुहूर वर्ष ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असे लिहिले जाई. तिसा म्हणजे नऊ, सलासीन म्हणजे तीस, मया म्हणजे शंभर व अलफ म्हणजे हजार. बेरीज ११३९ होते. शुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास बदलतो. म्हणून जानेवारी ते मे या काळातील सनात ६०० व त्यापुढील महिन्यांतील सनात ५९९ मिळविल्यास इसवी सन येतो. चाळीसपन्नास अरबी शब्द पाठ असलेल्या शिक्षकाला गावातील जुन्या सनदेचे वर्ष अशा रीतीने स्वतः काढता येते.

राजांचे क्रमांक आणि शब्दांचे अर्थ

राजघराण्यांच्या अभ्यासात अशीच दुसरी फसगत राजांच्या क्रमांकांची होते. १५८० ते १६४० या काळात स्पेनचे राजेच पोर्तुगालचेही राजे होते. स्पेनमध्ये जो दुसरा फिलिप, तो पोर्तुगीज कागदपत्रांत पहिला फिलिप ठरतो. तो १५९८ मध्ये मृत्यू पावला. म्हणून त्यानंतरच्या पोर्तुगीज लेखात दुसरा फिलिप असा उल्लेख आल्यास तो त्याच्या मुलाचा, म्हणजे स्पेनच्या तिसऱ्या फिलिपचा समजावा लागतो.

काही शब्द ओळखीचे वाटतात, पण त्यांचा अर्थ वेगळा असतो. पोर्तुगीज कागदांतील ‘नोर्ते’ म्हणजे उत्तर. परंतु तेथे उत्तर हिंदुस्थान अभिप्रेत नसून दमणपासून चौलपर्यंतचा, वसई हे मुख्य ठाणे असलेला प्रांत अभिप्रेत असतो. ‘बोंसुलो’ हे नाव भोसले असे वाचता येते. तथापि ते बहुधा सातारच्या छत्रपतींसाठी नसून सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांसाठी वापरलेले असते. केवळ शब्दकोश जवळ बाळगणाऱ्याची येथे फसगत होते. भाषा शिकणे म्हणजे त्या कचेरीची बोलण्याची रीत शिकणे होय.

एखाद्या नावाची व्याप्ती राजकारणात किती महत्त्वाची ठरते, हे मुंबईच्या हस्तांतरात दिसून आले. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला. २३ जून १६६१ च्या तहाने मुंबई आंदण देण्यात आली. पण मुंबई म्हणजे नेमके किती, यावर वाद निर्माण झाला. इंग्रज साष्टी व ठाण्यावरही हक्क सांगत होते, तर गोव्याचे पोर्तुगीज अधिकारी केवळ मुंबई बेट देण्यास तयार होते. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला, तोही साष्टीशिवाय. ग्रामपंचायतीच्या हद्दीचे दाखले हाताळणाऱ्यांना या वादाचे मर्म सहज कळावे.

परभाषा शिकलेले संशोधक

ही वाट अवघड असली तरी ती चोखाळणारे अभ्यासक आपल्याकडे झाले आहेत. गोव्यातील पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४-१९६९) यांचे नाव त्यांत अग्रभागी आहे. पोर्तुगीज भाषेवर प्रभुत्व मिळवून त्यांनी गोव्याच्या पुराभिलेखागाराची धुरा अनेक वर्षे वाहिली. हे दप्तरखाने १५९५ साली स्थापन झाले असून इतिहासकार दियोगो दो कोतो हा त्याचा पहिला दप्तरदार होता. लिस्बनच्या राजाशी चाललेला पत्रव्यवहार येथे ‘मोन्सोंइश’ म्हणजे मोसमी गलबतांबरोबर जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांच्या बाडांत आहे. आसपासच्या सत्ताधीशांना पाठविलेल्या पत्रांची ‘शेजारचे राजे’ या अर्थाच्या नावाची वेगळी बाडे आहेत. पिसुर्लेकरांनी गोव्याच्या राज्यमंडळाचे ठराव १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केले. या सर्व श्रमांचे सार ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथाने १९६७ मध्ये मराठी वाचकांच्या हाती आले.

मूळचे गोमंतकीय व मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. जे. जेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावरील ग्रंथ १८७६ मध्ये लिहिला. पोर्तुगीज साधने व किल्ल्यातील शिलालेख यांचा त्यात उपयोग केलेला आहे. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात राहून फारसी कागदपत्रे मराठीत आणली. बंगालचे यदुनाथ सरकार फारसीसह मराठी व पोर्तुगीजही शिकले. सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) यांचे उदाहरण शासकीय अधिकाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे. प्रशासकीय सेवेत असतानाच त्यांनी भाषांचा व्यासंग केला, गोंडी व कोलामी या आदिवासी भाषाही आत्मसात केल्या आणि मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रे मराठी वाचकांसाठी खुली केली. यांपैकी बहुतेकांनी भाषेचा अभ्यास पोटापाण्याच्या कामाबरोबर चालविला.

भाषेबरोबर विवेकही हवा

परकीय भाषेतील कागद म्हणजे अंतिम सत्य, असेही मानून चालणार नाही. कॉस्मे द गार्दा याने पोर्तुगीज भाषेत लिहिलेले शिवचरित्र १७३० मध्ये लिस्बन येथे छापले गेले. त्यात महाराजांच्या जन्मस्थळाचा संबंध वसईजवळच्या विरारशी जोडलेला आहे. शिवनेरीचा जन्म प्रसिद्ध असताना ही माहिती उघडच चुकीची ठरते. ज्याला पोर्तुगीज व मराठी ही दोन्ही साधने वाचता येतात, तोच अशी चूक दाखवून देऊ शकतो आणि त्याच ग्रंथातील ग्राह्य भाग वेगळाही काढू शकतो.

वसईच्या वेढ्याबाबतही हेच म्हणता येईल. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतून छावणीतील हालचाली, रसदेची विवंचना व जखमींची हकीकत कळते. तटाच्या आत काय चालले होते ते पोर्तुगीज कागद सांगतात. एकाच बाजूचे कागद वाचून लिहिलेला इतिहास दुसऱ्या बाजूच्या माणसांना मुके करतो. वसईत आजही विविध धर्मांचे व बोलींचे समाज शेजारी नांदतात. त्यांना आपला समाईक भूतकाळ नीट कळावयाचा असेल, तर दोन्ही बाजू वाचणारी माणसे त्यांच्यातूनच निघावयास हवीत.

आरंभ कसा करावा

पोर्तुगीज भाषा मराठी माणसाला अगदीच परकी नाही. पाव, बटाटा, चावी, पगार, लिलाव, घमेले, पिंप हे शब्द त्याच भाषेतून आले. महसुली कामकाजातील दप्तर, सनद, वसूल, तहसील, फिर्याद हे शब्द फारसी-अरबी आहेत. शिवकालात रघुनाथ पंडितांना ‘राज्यव्यवहारकोश’ रचून अशा शब्दांना संस्कृत पर्याय द्यावे लागले, यावरून त्यांचा प्रसार ध्यानात येतो. या ओळखीच्या शब्दांपासून अभ्यासाचा प्रारंभ करता येतो.

नवशिक्याने प्रथम मोडी लिपी शिकावी. ती मराठीचीच असल्याने थोड्या महिन्यांच्या सरावाने हाती येते. त्यानंतर आपल्या परिसरातील साधनांना अनुसरून एकच परभाषा निवडावी. एकाच वेळी तीन भाषांचा आरंभ केल्यास एकही पूर्ण होत नाही. व्याकरणाचा पाया घातल्यावर छापील व भाषांतर उपलब्ध असलेला मजकूर मुळाशी ताडून वाचावा. हस्तलिखितांकडे त्यानंतरच वळावे.

शिलालेख हे शाळांसाठी उत्तम पाठ्यसाहित्य आहे. वसई किल्ल्यातील पोर्तुगीज थडग्यांवरील लेख ठरावीक साच्याचे असतात. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगे व ‘एर्देइरोस’ म्हणजे वारस, एवढे दोन शब्द कळले तरी हे थडगे कोणाचे व कोणत्या कुटुंबासाठी राखलेले, हे विद्यार्थी ओळखू लागतात. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर अशा देवस्थानांतील घंटांचा संबंध वसईच्या मोहिमेशी सांगितला जातो. घंटेवर अक्षरे असल्यास त्यांचे छायाचित्र घेऊन वाचन करणे हा अन्य जिल्ह्यांतील शाळांनाही जमण्यासारखा उपक्रम आहे. मात्र लेखावर खडू, तेल वा रंग लावू नये. वसईचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून तेथील दगडांना इजा पोहोचविणे हा गुन्हा आहे.

ग्रामपंचायतींनाही या कामी हातभार लावता येईल. गावातील देवस्थाने, चर्च, दर्गे व जुनी घराणी यांच्याकडे असलेल्या कागदांची यादी करणे, ते कोरड्या जागी ठेवण्याची व्यवस्था करणे आणि मालकांच्या संमतीने त्यांची छायाचित्रे घेऊन पुराभिलेख विभागाच्या नजरेस आणणे, ही कामे फारशा खर्चाची नाहीत. दमट हवा व वाळवी ही कोकणपट्टीतील कागदांची मोठी शत्रू आहेत. कागद वाचणारा माणूस तयार होण्यास काही वर्षे लागतात. तोपर्यंत कागद टिकला पाहिजे आणि कागद टिकला तर वाचणाराही तयार असला पाहिजे. ही दोन्ही कामे बरोबरीने हाती घेतली, तरच वसईसारख्या गावांचा इतिहास त्या गावांतील माणसांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल.