तरुण रुग्णातील दुर्दम्य रक्तदाब : नाडी दोन्ही हातांची पाहावी

पन्नाशीतील रुग्णाचा वाढलेला रक्तदाब आपणांस नवा नाही. परंतु पंचविशीतील रुग्णाचा रक्तदाब तीन-तीन औषधांनीही उतरत नसेल, तर धमन्यांकडे लक्ष वळविणे अगत्याचे ठरते.

काही वर्षांपूर्वी २४ वर्षांची एक विवाहिता शिरःशूलाची तक्रार घेऊन आली. स्त्री-रुग्ण म्हणून प्रघातानुसार डाव्या हाताची नाडी पाहिली. ती अतिक्षीण लागली. रसक्षय गृहीत धरून चिकित्सा आरंभिली. रक्तदाब त्याच हातावर ११०/७० भरला. तिच्या जुन्या कागदांवर १८०/११० अशी नोंद होती, ती मी घाईतील चूक मानली. दोन महिन्यांनी सहज उजव्या हाताला पट्टा बांधला, तो १८४/११२! चूक माझीच होती. डाव्या हाताची धमनी अरुंद झाली होती आणि वृक्काचीही. निदान झाले ताकायासू व्याधीचे.

जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये यातील नेत्रगत बदल प्रथम मांडले. महाधमनी व तिच्या शाखांच्या भित्तींना शोथ येऊन त्या संकुचित होतात. वृक्काला रक्त कमी पोहोचले की ते रेनिन स्रवते व रक्तदाब चढतो. चाळिशीच्या आतील स्त्रियांत हा व्याधी अधिक. भारतात उदरस्थ महाधमनी व वृक्कधमनी यांचा सहभाग वारंवार आढळतो. आरंभीचा मंद ज्वर, संधिशूल व कृशता पाहून आमवाताचा भ्रम होतो. ईएसआर प्राकृत आला म्हणून व्याधी नाही असे मानू नये.

तंतुस्नायवीय विकृतीत शोथ नसतो. अँजिओग्राफीत वृक्कधमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते, आणि फुग्याने ती रुंद केल्यास बहुधा लाभ होतो. महाधमनीचा जन्मजात संकोच असल्यास जांघेतील नाडी मनगटाच्या मागून व दुर्बल लागते, पायाचा रक्तदाब हाताहून कमी भरतो. तरुण रुग्णाची जांघेतील नाडी आपल्यापैकी किती जण पाहतात?

सर्पगंधेची उपयुक्तता मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे मांडली, ती निर्विवाद आहे. तथापि तिने आकडा उतरला तरी संकोच तसाच राहतो. औषधविक्रेत्या बंधूंनी ध्यानी घ्यावे की, ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. तसेच दोन्ही वृक्कधमन्या अरुंद असता 'प्रिल' वर्गातील गोळ्यांनी वृक्ककार्य ढासळू शकते. अशा रुग्णास जुन्या चिठ्ठीवर त्या परस्पर देऊ नयेत.

दोन्ही हातांच्या वरच्या आकड्यात १० हून अधिक अंतर वारंवार दिसल्यास, अथवा नाभीच्या वर वा जत्रूखाली स्टेथोस्कोपने घरघर ऐकू आल्यास, रुग्णास वृक्क-डॉपलर व सी. टी. अँजिओग्राफीसाठी विनाविलंब पाठवावे. उपरोक्त रुग्णेस तज्ज्ञांनी प्रथम स्टेरॉइड देऊन शोथ शमविला, नंतर वृक्कधमनी रुंद केली. आज तिला एकच गोळी पुरते, आणि तिचा रक्तदाब उजव्याच हातावर मोजावा असे तिच्या कागदावर मी लाल शाईने लिहून ठेवले आहे.