दुपारचा मुहूर्त आणि मोकळी सकाळ

लग्नाचा मुहूर्त दुपारचा निघाला की घरात हटकून कोणीतरी म्हणतं, “बरं झालं बाई, सकाळ अख्खी मोकळी मिळाली.” माझ्या मोठ्या भाचीच्या लग्नात आम्ही सगळे हेच म्हणत होतो. डिसेंबरचा महिना, पुण्यातलं कार्यालय आणि मुहूर्त ४ वाजून १७ मिनिटांचा. साडेबाराच्या मुहूर्ताला घर पहाटे उठवावं लागतं, तो त्रास वाचला असं वाटलं. मग त्या मोकळ्या सकाळीवर एकेक कार्यक्रम येऊन बसायला लागला. हळद आदल्या संध्याकाळी व्हायची होती, ती सकाळी आली, कारण बाहेरगावचे पाहुणे सकाळीच पोचणार होते. फोटोवाल्याला बाहेरचे फोटो उन्हं कोवळी असतानाच हवे होते. ग्रहमख, देवक होतंच. त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण “अजून खूप वेळ आहे” म्हणून नवरीजवळ ऐसपैस बसत होता.

पोरीने सकाळी चहा-बिस्किटं खाल्ली होती, तेवढंच. दुपारचं जेवण ‘आता बसू, मग बसू’ करत राहूनच गेलं. एकदा साडी नेसून मुंडावळ्या बांधल्यावर कोण जेवतंय? लाजाहोमाच्या वेळी धुरासमोर बसल्या बसल्या तिला घेरी आली. गुरुजी थांबले, कोणीतरी सरबत आणलं, थोड्या वेळाने ती सावरली आणि सप्तपदी पार पडली. पुढे अल्बम आला तेव्हा ती मला म्हणाली, “मावशी, मला मंगलाष्टकं आठवतच नाहीत गं.” हे मला फार लागलं. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिलाच तिचं लग्न अनुभवता आलं नाही.

धाकटीच्या लग्नाचा मुहूर्तही दुपारचाच निघाला, तेव्हा बहिणीने दिवसाची आखणी माझ्यावर सोपवली. त्या वेळी जे केलं आणि नंतर नात्यातल्या लग्नांत जे पाहिलं, त्यावरून लिहिते आहे.

पहिली गोष्ट, सकाळपासून पुढे मोजू नका, मुहूर्तापासून मागे मोजा. पूर्वी लग्नघरात घटिकापात्र ठेवत. बुडाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. सगळ्यांचं लक्ष त्या वाटीकडे असे. मुहूर्त हलत नाही, बाकी सगळं हलवता येतं. ४ वाजून १७ मिनिटांनी अंतरपाट दूर व्हायचा, तर मंगलाष्टकं चारच्या सुमारास सुरू व्हायला हवीत. आत्या-मावशांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायची असतील तर त्याहूनही आधी. किती जणी म्हणणार हे आदल्या दिवशीच गुरुजींना सांगून ठेवा. नवरीला साडेतीनला तरी गौरीहरापुढे बसवलं पाहिजे, म्हणजे सव्वातीनला ती पूर्ण तयार हवी. नेसवणं, केस, दागिने यांना निवांतपणे दीड-दोन तास लागतात. म्हणजे एकच्या ठोक्याला ती आरशासमोर बसली पाहिजे आणि त्याआधी तिचं जेवण झालेलं हवं. असं मागे मागे येत गेलात की दिसेल, मोकळी सकाळ बाराला संपते. तेवढ्यात ग्रहमख आणि देवक बसतात. हळद बसत नाही, ती आदल्या दिवशीच करा. मुलीला सकाळी सातपर्यंत झोपू द्या. दुपारच्या मुहूर्ताचा खरा फायदा असेल तर तो हा झोपेचा आहे, तो कोणालाही हिरावून घेऊ देऊ नका.

जेवणाबद्दल मी जरा आग्रहानेच सांगणार आहे. दुपारच्या लग्नाची घडी विस्कटते ती ताटावर. कार्यालयात सकाळपासून असलेल्या घरच्या माणसांची पंगत साडेअकरा-बाराला बसवा. वरण-भात, एक भाजी, कोशिंबीर, ताक एवढं पुरे. गोडाचं आणि तळणीचं रात्रीसाठी राहू दे. नवरी आणि तिची करवली पहिल्या पानावर. इन्सुलिन घेणारे, गोळ्या घेणारे ज्येष्ठ त्यांच्या शेजारी. कन्यादान करणाऱ्या आई-वडिलांचा उपास असतो. त्यांना दूध, फळं, साबुदाण्याची खिचडी यांतलं काय चालेल ते गुरुजींना आधी विचारा आणि एकाला सांगून त्यांच्या हातात नेऊन द्या. मागून घ्यायची शुद्ध त्यांना त्या दिवशी नसते.

आमंत्रितांचं वेगळं. मोठीच्या लग्नात मुख्य जेवण मुहूर्त लागल्या लागल्या ठेवलं होतं. चारच्या लग्नाला येणारा माणूस घरी जेवून येतो. पाच वाजता त्याला मसालेभात आणि जिलेबी कशी जाणार? पानं अर्धी टाकली गेली आणि आठ वाजता तीच माणसं भुकेली झाली. धाकटीच्या पत्रिकेत आम्ही स्पष्ट छापलं, मुहूर्तानंतर अल्पोपाहार, भोजन साडेसातपासून. अन्न वाया गेलं नाही, आणि कोणी उपाशीही राहिलं नाही.

कार्यालय ठरवताना तासांची चौकशी नीट करा. बऱ्याच ठिकाणी सकाळचा आणि संध्याकाळचा असे दोन भाग पाडून भाडं घेतात. दुपारचा मुहूर्त दोन्हींच्या मधोमध येतो, त्यामुळे पूर्ण दिवसच घ्यावा लागतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा कायदाच आहे, तेव्हा गाण्यांचा बेत असेल तर तो त्याआधी संपेल असा धरा. आणि गुरुजींना एक प्रश्न नक्की विचारा: “त्या दिवशी तुमचं साडेबाराचं दुसरं लग्न आहे का?” मोठ्या तिथीला बहुतेकांचं असतं. त्यात वावगं काही नाही, पण मग सकाळच्या विधींना त्यांचे सहकारी गुरुजी येतील का, हे आधी ठरलेलं बरं. केशरचना करणारीला आणि फोटोवाल्यालाही हेच विचारा.

फोटोंचं गणित ऋतूवर आहे. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुहूर्तानंतर कन्यादान, होम, सप्तपदी यांत दीड-दोन तास जातात, आणि विधी उरकेपर्यंत बाहेर अंधार पडलेला असतो. म्हणून दोघांचे उजेडातले फोटो गौरीहरापूर्वीच, तेही वीस मिनिटांत. मे महिन्यात उलट, सातपर्यंत उजेड असतो. तेव्हा दुपारच्या उन्हात कोणाला बाहेर उभं करू नका, सगळं संध्याकाळी करा. मुहूर्त गोरज असेल तर तो सूर्यास्ताला बांधलेला असतो आणि सूर्यास्त गावागणिक बदलतो. मुंबईच्या मानाने नागपूरला तो पंचवीसएक मिनिटं आधी होतो, म्हणून नातेवाइकांच्या लग्नाची वेळ ऐकून आपली ठरवू नका.

पाहुण्यांना मुहूर्त लागताच जोडप्याला भेटायचं असतं, पण तेव्हा दोघं पाटावर होमासमोर बसलेली असतात. मग लोक बोहल्याशी रांग लावतात, गुरुजींचे मंत्र कोणाला ऐकू जात नाहीत. आम्ही माळा घातल्याबरोबर अर्धा तास फक्त भेटीगाठींना ठेवला आणि मग विधी सुरू केले. गुरुजींनी आनंदाने मान्य केलं, फक्त आधी विचारलं होतं म्हणून.

आता घड्याळ कोणी सांभाळायचं? आई-वडील विधीला बसलेले, मामा नवरीला बोहल्यावर आणणार, भाऊ लाह्या द्यायला आणि कान पिळायला हवा. ज्यांच्यावर आपण एरवी विसंबतो, ती सगळी माणसं त्या दिवशी विधींत अडकलेली असतात. म्हणून हे काम मुलीच्या वडिलांच्या एखाद्या मित्राला किंवा चुलत-आते भावंडांपैकी शांत डोक्याच्या एकाला द्या. कार्यालयाचा व्यवस्थापक, आचारी आणि गुरुजी यांना त्याचाच फोन नंबर द्या. “नवरीला आता उठू दे” हे वडीलधाऱ्यांना आदराने पण ठामपणे सांगता यायला हवं, एवढीच त्याची पात्रता.

आणि दुपारी साडेबारा ते एक हा अर्धा तास कोऱ्या पाटीसारखा सोडा. तिथे काहीही लिहू नका. ग्रहमख लांबलं तर तो वेळ उपयोगी पडेल, नाही लांबलं तर मुलीला दार लावून पाठ टेकता येईल. धाकटी वीस मिनिटं झोपली होती.

शेवटी पाठवणी. दुपारच्या मुहूर्ताला जेवणं, विहिणींची पंगत, ऐरणीदान होईतो रात्रीचे दहा सहज वाजतात. सासर साताऱ्याला किंवा नाशिकला असेल तर गृहप्रवेश मध्यरात्रीनंतर होतो आणि माप ओलांडताना मुलीचे डोळे मिटत असतात. तेव्हा विहीणबाईंशी महिनाभर आधीच बोलून ठरवा: ऐरणीदान जेवणापूर्वी उरकायचं, की रात्र इथेच काढून गृहप्रवेश आणि लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं. आमच्या विहीणबाईंनी दुसरा मार्ग निवडला आणि त्यांच्या घरच्या आजींनाही त्यामुळे जागरण झालं नाही.