अदलाबदलीचा हिशेब आणि गोलंदाजाची खरी सुधारणा

प्रश्न (एक वाचक, सांगली) : गोलंदाज एकाच हंगामात चमकला, तर ती सुधारणा खरी मानावी का? त्याच्या बदल्यात फलंदाज देणे योग्य ठरते का?

उत्तर : बळींचा आकडा एकटा फसवा असतो. झेल सुटणे, खेळपट्टी, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा यांनी तो वरखाली होतो. सुधारणा खरी असेल, तर तिचे कारण गोलंदाजीत दिसते. श्रीरामपूरचा झहीर खान 2006 मध्ये वूस्टरशायरकडून कौंटी खेळला, तेव्हा भारतीय संघातील त्याची जागा गेली होती. त्या हंगामात त्याने 78 बळी घेतले. महत्त्वाचे हे, की त्याने चेंडू टाकण्याआधीची धाव (रन-अप) आखूड केली आणि चेंडूवरचा ताबा वाढवला. कसोटी लागली 2007 च्या इंग्लंड दौऱ्यात : तीन कसोटी सामन्यांत 18 बळी, त्यांपैकी नॉटिंगहॅमला 9. निराळे फलंदाज, निराळी पातळी, तरी यश टिकले.

आता अदलाबदलीचे. आयपीएलमध्ये 2009 च्या हंगामापूर्वी बंगळूरूने झहीर मुंबईला देऊन फलंदाज रॉबिन उथप्पा घेतला. अशा सौद्याचा निवाडा त्या दिवशीची माहिती आणि दोन्ही संघांची गरज पाहूनच करावा. पुढचे निकाल पाहून दिलेला दोष अन्यायाचा असतो. तरी निकालच पाहायचे, तर 2010 मध्ये मुंबईने अंतिम फेरी गाठली, तर उथप्पाने बंगळूरूसाठी झपाट्याने धावा केल्या. दोघांचेही भले झाले.

म्हणून सांगली-साताऱ्याच्या क्लबांनी गुणपुस्तिकेत बळींसोबत निर्धाव चेंडू, वाइड, नो-बॉल आणि सुटलेले झेलही नोंदवावेत. किमान दोन हंगामांच्या नोंदीशिवाय खेळाडू सोडू नये.